जेध्यांविषयीचं माझं मत

वडगाव निंबाळकरच्या आमच्या घरावर शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा होता. केशवराव जेध्यांचं नाव निघालं की घरात एकच बोलणं व्हायचं, पक्ष काढला आणि सोडून गेले. मीही वर्षानुवर्षं तेच बोलत आलो. आधी ब्राह्मणेतर चळवळ, मग काँग्रेस, १९४८ला शेकाप, १९५४ला परत काँग्रेस आणि १९५७ला त्याच काँग्रेसचे आमच्या बारामतीचे खासदार. एवढ्या उड्या मारणाऱ्याला पुढारी कसं म्हणायचं?

हे मत एका सभेत हललं. एका संस्थेच्या वाचनालयाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव द्यावं, असा ठराव मी मांडला होता. आदल्या दिवशी घरी चहा पिऊन ‘हो’ म्हणून गेलेली माणसं मतदानाला खाली बघत बसली. कोपऱ्यातला एक हात अर्धा वर आला, शेजारच्यानं पाहिलं तशी टोपी सारखी करून खाली गेला. ठराव पडला.

घरी येताना मला १९२५ची पुणे नगरपालिका आठवली. जोतीराव फुल्यांचा पुतळा उभारा, असा ठराव केशवरावांनी तिथे मांडला होता. वय तिशीच्या आत, घरचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा चालता धंदा, आणि सभागृह विरोधात. ठराव फेटाळला गेला. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक त्यांनी प्रकाशित केलं. खटला झाला, शिक्षा लागली, अपिलात बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली तेव्हा सुटले. मी तर एकाच ठरावात खचलो होतो.

पुढे काकासाहेब गाडगीळ या काँग्रेसमधल्या ब्राह्मण पुढाऱ्याबरोबर त्यांनी बहुजन समाज काँग्रेसमध्ये आणला. शहरभर ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद धुमसत असताना त्या दोघांनी एकत्र बसणं किती अवघड गेलं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्यालाही मी उडीच म्हणत होतो.

१९५७चं मात्र अजून सलतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी गावं पेटलेली असताना ते मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य लादणाऱ्या काँग्रेसकडून उभे राहिले. तिथे माझं मन वळलेलं नाही. महाराष्ट्र राज्य बघायला ते राहिलेही नाहीत, नोव्हेंबर १९५९मध्ये गेले.

परवा नातीला घेऊन एसटीनं स्वारगेटला उतरलो. चौकाचं नाव वाचून तिनं विचारलं, “आजोबा, जेधे कोण?” तिथेच कडेला उभं राहून मी तिला पुतळ्याच्या ठरावापासून सांगायला सुरुवात केली.