न दिलेले घेऊ नये

परवाच्या रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही मामा-भाचे पायीच निघालो. भाच्याच्या हातात मोबाईल, आमच्या हातात छत्री. रेलटोलीतून गोंदियाचे रेल्वे स्थानक, तिथून जयस्तंभ चौक आणि परत आपली वस्ती, असा फेरा ठरला होता. वाटेत ओळखीच्या एका गृहस्थांनी विचारले, "काय शोधून राहिले जी, बाबूजी?" आमच्या आधी भाचाच म्हणाला, "हवेतली नावं." गृहस्थांनी आमच्याकडे मोठ्या काळजीने पाहिले.

भाचा संगणकशास्त्र शिकतो. रस्त्याने चालताना कोणत्या घरातून, कोणत्या दुकानातून वाय-फायच्या लहरी बाहेर येतात, याची नोंद ठेवणे हा त्याचा छंद. हा छंद काही त्याने काढलेला नाही. अमेरिकेत बर्कली येथे पीटर शिप्ले यांनी २००० सालाच्या सुमारास मोटारीत संगणक आणि अँटेना ठेवून अशा नोंदी केल्या. २००१ पासून 'विगल' नावाच्या नकाशावर जगभरचे हौशी लोक आपापल्या नोंदी भरत आले आहेत. २००२ मध्ये लंडनच्या मॅट जोन्स यांनी तर भिंतीवर खडूने काढायच्या खुणा ठरवून दिल्या. पाठीला पाठ लावलेली दोन अर्धवर्तुळे म्हणजे उघडे जाळे आणि पूर्ण वर्तुळ म्हणजे बंद. आमच्या गल्लीबोळांत मोटार शिरत नाही, म्हणून आमचे पायच कामाला लागले.

भाच्याने आम्हाला समजावले ते असे. वाय-फायचा राऊटर एका सेकंदात सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारतो. हे नाव ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. दवंडी जशी रस्त्यावरच्या सर्वांनाच ऐकू येते तसेच हे. लहरींचा जोर उणे आकड्यात मोजतात. उणे ४० म्हणजे राऊटर अगदी जवळ, उणे ९० म्हणजे विझत आलेला आवाज. नावापुढे कुलपाचे चित्र असेल तर आत जायला पासवर्ड लागतो. भाचा फक्त नाव, जोर आणि कुलूप एवढेच टिपतो. आत शिरत नाही.

चौकात नावांची यादी बोटाने वर सरकवत न्यावी लागली. कुणी दुकानाचे नाव दिलेले, कुणी मुलीचे, कुणी नुसते आडनाव. एक-दोघांनी तर राऊटरलाही जातीचा अभिमान चिकटवलेला! भिंतीवर पाटी लावायला लोक आता थोडे कचरतात, पण हवेत लावायला कोण अडवतो? वस्तीकडे वळलो तशी यादी आखूड होत गेली. विहारापाशी बोटावर मोजण्याइतकी नावे उरली. रस्ता तोच, पण हवेतही वेस आहे, हे आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

ती वेस आम्हाला नवी नव्हती. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा मोबाईलवर आल्या. भाचा तेव्हा शाळेत होता. घरातला डाटा दुपारपर्यंत संपायचा. मग तो पलीकडच्या मोहल्ल्यात एका घराच्या ओट्याला टेकून तास ऐकायचा. त्या घराचा पासवर्ड त्याला वर्गमित्राने सांगितला होता, घरमालकाने नव्हे. एके दिवशी मालकाने पाहिले आणि चारचौघांत सुनावले, "तुम्हा लोकांना फुकटाचीच सवय." पोरगा मान खाली घालून घरी आला. दोन दिवस जेवला नाही.

'तुम्हा लोकांना' हे शब्द आम्हाला आजही टोचतात. पण बांधवांनो, एक गोष्ट आम्ही आजवर कुणाला सांगितली नव्हती. पोरगा तिथे का बसतो, हे आम्हाला ठाऊक होते. दर रविवारी विहारात आम्ही पंचशील देतो. दुसरे शील सांगते की न दिलेले घेऊ नये. आम्ही मुलांना ते समजावून सांगत होतो आणि घरी गप्प होतो, कारण पोराचा तास बुडत नव्हता. मालकाचे बोलणे जातीचे होते, यात शंका नाही. आमचे गप्प राहणेही चूकच होते. एका चुकीने दुसरी धुऊन निघत नाही.

हे सारे आता उकरायचे कारण असे की विहाराच्या अभ्यासिकेत नुकतेच वाय-फाय आले. वर्गणीतून आले. बैठकीत वाद झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, "कुलूप कशाला? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडचे चवदार तळे मोकळे केले. आपण आपल्या पाण्याला कुलूप लावायचे काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचीही मान हलली.

भाचा उभा राहिला. त्याने २००८ ची गोष्ट सांगितली. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल गेला होता, तो नवी मुंबईतील एका घराच्या बिनकुलपी वाय-फायवरून. घरमालकाचा काही संबंध नसताना त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. २००९ च्या सुरुवातीस मुंबईचे पोलीसच उघडी वाय-फाय शोधत शहरात फिरू लागले. भाचा करतो तेच काम, पण वर्दीत! शिवाय, मालकाच्या परवानगीविना कुणाच्या जाळ्यात शिरणे हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसते. कुलूप नसले तरी आमंत्रण होत नाही.

मग आम्ही बोललो. चवदार तळे सार्वजनिक होते. ते सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केला होता. बाबासाहेब कुणाच्या घरातल्या माठाकडे गेले नव्हते, आपल्या हक्काच्या पाण्याकडे गेले होते. आपणही माठ आणि तळे यांत फरक करू या. शेजाऱ्याचे वाय-फाय हा त्याचा माठ आहे. तळे मागायचे ते सरकारकडे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदारही परवाना-शुल्काविना सार्वजनिक वाय-फाय चालवू शकतो. मग आपली अभ्यासिका का नाही? मागणी करायला कागद आणि सह्या लागतात. ते काम आम्हा कारकुनांना येते.

तोवर असे ठरले. अभ्यासिकेच्या वाय-फायला कुलूप राहील. पासवर्ड आतल्या फळ्यावर खडूने लिहिलेला असेल. कोणत्याही जातीधर्माच्या मुलाने यावे, नोंदवहीत नाव लिहावे आणि अभ्यासाला बसावे. म्हणजे जो घेईल तो दिलेलेच घेईल. राऊटरला नाव काय द्यायचे, यावर पुन्हा चर्चा झाली. कुणाचे आडनाव नको, एवढे सर्वांना पटले. नाव ठेवले 'अभ्यासिका'.

पहिल्या संध्याकाळी फळ्यावर पासवर्ड लिहायला आम्ही भाच्यालाच उभे केले. त्याने मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिला, मागच्या बाकावरूनही दिसेल असा.