वळणाआधीचे वळण

बहुतेक खेळांत चालणे आणि थांबणे या दोन्ही गोष्टी खेळणाऱ्याच्या हाती असतात. बुद्धिबळातील घोडा कोणी उचलीपर्यंत जागचा हलत नाही. लगोरी फोडणारा गडी मनासारखा नेम धरल्यावाचून चेंडू सोडीत नाही. खो-खोत पळणारा गडीसुद्धा पाठलाग करणारा दूर आहे असे पाहून क्षणभर दम घेतो. परंतु १९८० साली जपानात असा एक खेळ निघाला, की ज्यात खेळणाऱ्याने आपल्या गड्याला चालवायचेही नसते आणि थांबवायचेही नसते. गडी आपला आपणच चालत राहतो. खेळणाऱ्याच्या हाती उरते ते एकच काम : त्याला वळविणे.

या व्हिडिओ गेमचे नाव पॅक-मॅन. टोकियो येथील नामको या कंपनीत काम करणाऱ्या तोरू इवातानी नावाच्या तरुणाने त्याची कल्पना रचली. त्या वेळी त्याचे वय अवघे पंचविशीच्या आसपास होते. त्या काळच्या खेळघरांतील बहुतेक खेळ लढाईचे असत. पडद्यावर शत्रू दिसावा, कळ दाबावी आणि त्याला उडवून द्यावे, हा त्यांचा ठरलेला क्रम. अशा ठिकाणी मुलींनी आणि कुटुंबांनीही आनंदाने यावे, असे इवातानीला वाटे. म्हणून त्याने मारण्याची क्रिया सोडली आणि खाण्याची क्रिया निवडली. पिझ्झा नावाच्या गोल पोळीचा एक त्रिकोणी तुकडा उचलल्यावर उरलेला आकार त्याच्या डोळ्यांत भरला, अशी कथा तो सांगत असे. जपानी लिपीत ‘तोंड’ या अर्थाचे जे चौकोनी अक्षर आहे, तेही गोलसर करून त्याने त्या आकाराशी जुळविले. मराठीत अधाशीपणाने खाण्याला जसे ‘बकाबका खाणे’ म्हणतात, तसे जपानीत तोंडाची उघडझाप करीत खाण्याला ‘पाकु पाकु’ म्हणतात. त्याच शब्दावरून या पिवळ्या, गोल, सदैव भुकेल्या गड्याचे नाव पडले.

त्याचे जग अगदी लहान आहे. काळ्या पडद्यावर निळ्या भिंतींचा एक चक्रव्यूह. त्याच्या गल्ल्यांतून मांडलेले दोनशे चाळीस बारीक ठिपके आणि चार कोपऱ्यांजवळ चार ठसठशीत ठिपके. हे सारे दोनशे चव्वेचाळीस ठिपके खाऊन झाले, की तो पट संपतो आणि तसाच दुसरा पट समोर येतो. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. पॅक-मॅनच्या चक्रव्यूहाला तर बाहेर पडण्याची वाटच नाही. डावीकडे एक बोगदा आहे खरा. पण त्यात शिरलेला गडी उजवीकडच्या बोगद्यातून पुन्हा त्याच चक्रव्यूहात येतो. आणि या बंदिस्त जागेत त्याच्या पाठीशी चार भुते लागलेली असतात.

यंत्रावर खेळण्यासाठी एकच दांडी बसविलेली असते. ती वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार दिशांना झुकते. गोळी झाडण्याची कळ नाही, उडी मारण्याची कळ नाही. या साधेपणामुळे नवख्याला खेळ सोपा वाटतो. तो दांडी उजवीकडे झुकवितो. गडी उजवीकडे निघतो. तो दांडी सोडून देतो आणि चमकून पाहतो, तो गडी चाललेलाच आहे! भिंत आडवी आली तरच तो थबकतो. एरवी त्याला विसावा ठाऊक नाही. मागून भूत येताना पाहून नवखा मुलगा घाबरतो आणि दांडी सारी शक्ती लावून ओढतो. परंतु दांडी जोराने ओढली म्हणून गडी काही वेगाने धावत नाही. इतक्यात वळण येते. मुलगा वळण दिसल्यावर दांडी फिरवितो. तोवर गडी ते वळण मागे टाकून पुढे गेलेला असतो. एक गल्ली हुकते, समोरून दुसरे भूत येते आणि खेळ आटोपतो. मुलगा कपाळाला आठ्या घालून दांडीकडे पाहतो. त्याला वाटते, दांडीच बिघडली असावी.

दांडी बिघडलेली नसते. वळण आले म्हणजे वळावे, ही पायी चालणाऱ्याची सवय आहे. या खेळात वळण येण्याच्या आधीच वळायचे असते. गडी चौकात पोहोचण्यापूर्वी किंचित अगोदर दांडी इच्छित दिशेला झुकवून धरली, की तो कोपरा तिरपा कापून झर्रकन वळतो. पाठीमागच्या भुताला मात्र ही सवलत नाही. त्याला चौकाच्या मध्यापर्यंत जाऊनच वळावे लागते. त्यामुळे प्रत्येक नीट साधलेल्या वळणावर दोघांतील अंतर तसूभर वाढते. एका वळणाचा लाभ डोळ्यांना दिसतही नाही. पण पाच-सात वळणे अशी साधली, म्हणजे मानेवर आलेले भूत मागे पडते. जो वेग दांडीवर जोर लावून मिळत नाही, तो वेळेवर घेतलेल्या निर्णयातून मिळतो.

परंतु वळणाआधी निर्णय घ्यायचा, तर वळणापलीकडे काय वाढून ठेवले आहे याची अटकळ हवी. ती अटकळ कशी बांधावी? येथे इवातानीच्या बुद्धीचे खरे कौतुक वाटते. त्याने चारही भुते दिसायला सारखी केली, परंतु त्यांचे स्वभाव निराळे ठेवले. तांबडे भूत सरळ पाठलाग करते. पॅक-मॅन ज्या ठिकाणी असेल, तेच त्याचे लक्ष्य. गुलाबी भूत पाठलागाच्या भरीस पडत नाही. पॅक-मॅनचे तोंड ज्या दिशेला असेल, त्या दिशेने चार घरे पुढची जागा ते धरू पाहते. म्हणजे ते वाट अडविणारे आहे. आकाशी रंगाचे भूत आपले लक्ष्य ठरविताना तांबड्या भुताची जागाही हिशेबात घेते, म्हणून त्याची चाल लहरी वाटते. नारिंगी भुताची तर गंमतच आहे. ते दूर असले, की आवेशाने चाल करून येते आणि आठ घरांच्या आत पोहोचले, की एकाएकी आपल्या कोपऱ्याकडे निघून जाते. जपानीत त्याला जे नाव आहे, त्याचा अर्थ जाणूनबुजून अजाणपणाचे सोंग आणणारा. मराठीत त्याला ‘वेड पांघरून पेडगावला जाणारा’ असे खुशाल म्हणावे.

या चौघांवर एक समाईक बंधनही आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली, की त्याला मध्येच उलटे फिरता येत नाही. पळणारा मात्र हवा तसा फिरू शकतो. अगदी तसाच नियम येथे आहे. भुतांना आपल्या मर्जीने माघारी वळता येत नाही. पॅक-मॅनला ते केव्हाही करता येते. शिवाय बोगद्यात शिरताच भुतांची गती निम्म्याच्या आसपास येते. आणखी एक गोष्ट अशी, की भुते सारखी पाठीस लागलेली नसतात. पहिल्या पटावर आरंभीची सात सेकंदे ती आपापल्या कोपऱ्यांकडे पांगतात. मग वीस सेकंदे पाठलाग. मग पुन्हा पांगापांग. अखंड वेढा पडला तर खेळणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येईल, हे जाणून इवातानीने ही विसाव्याची योजना केली. मात्र एका पटावर असे विसावे चारच मिळतात. पाठलाग थांबण्याच्या क्षणी चारही भुते अकस्मात पाठ फिरवितात. नवख्याला तो चमत्कार वाटतो. जाणत्याला ती घड्याळाच्या टोल्यासारखी खूण असते.

या सर्वांत मोहाच्या जागाही आहेत. ठिपका खाताना पॅक-मॅन सेकंदाच्या साठाव्या भागाइतका अडखळतो. एका ठिपक्याने काही बिघडत नाही; पण भरलेल्या लांबच लांब गल्लीतून खात खात जाणारा पॅक-मॅन पहिल्या पटावर भुतांहून किंचित सावकाश पडतो, तर मोकळ्या गल्लीत तो त्यांच्याहून किंचित जलद असतो. म्हणून भूत अगदी जवळ आले असता भरल्या गल्लीचा लोभ सोडून रिकाम्या गल्लीतून निसटणे शहाणपणाचे ठरते. चार मोठ्या ठिपक्यांपैकी एखादा खाल्ला, की भुते भयाने निळी पडतात आणि काही काळ पॅक-मॅनच त्यांना खाऊ शकतो. पहिल्या भुताचे दोनशे गुण, दुसऱ्याचे चारशे, तिसऱ्याचे आठशे आणि चौथ्याचे सोळाशे. गुण दुपटीने वाढतात आणि त्याबरोबर लोभही वाढतो. पहिल्या पटावर हा काळ सहा सेकंदांचा असतो. पुढे तो एकंदरीत कमी होत जातो आणि एकोणिसाव्या पटापासून भुते निळी होतच नाहीत. जो केवळ या शस्त्राच्या भरवशावर खेळत आला, तो तेथे निःशस्त्र होतो.

या यंत्राचा एक गुण लवकरच लोकांच्या ध्यानात आला. खेळणाऱ्याने आरंभापासून तीच वळणे त्याच क्षणी घेतली, तर भुतेही हुबेहूब त्याच वाटांनी येतात. मग काय! अमेरिकेत हा खेळ पसरताच वळणांचे ठरलेले क्रम सांगणारी पुस्तके निघाली. ती पाठ करून पटामागून पट सर करणारे पुष्कळ झाले. पाठांतराने गुण मिळतात, हे खरेच आहे. पण एखादे वळण निमिषभर उशिरा घेतले, की पाठ केलेला सारा क्रम कोसळतो. भुते निराळ्या वाटेने येतात आणि पाठांतर करणारा मध्येच ओळ विसरलेल्या मुलासारखा उभा राहतो. उभे राहण्याची तर येथे सोय नाही! ज्याने भुतांचे स्वभाव समजून घेतले आहेत, त्याचेही वळण कधी चुकते. परंतु तांबडे आता कोठून येईल आणि गुलाबी कोणता चौक धरील, हे त्याला उमगते. तो त्या चुकलेल्या वाटेवरूनच नवी वाट काढतो. घोकलेले आणि समजलेले यांतील भेद सुरळीत दिवशी दिसून येत नाही. तो असा आडवाटेला दिसतो.

या खेळात अखेरचा विजय मात्र कोणाच्याच पदरी पडत नाही. पटाचा क्रमांक ध्यानात ठेवण्यासाठी यंत्रात जी जागा आहे, तीत शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचेच अंक मावतात. त्यामुळे दोनशे छप्पन्नावा पट मांडताना यंत्राचा हिशेब चुकतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या व आकृत्यांच्या गोंधळाने भरून जातो. तेथे पुरेसे ठिपकेच नसतात. म्हणून तो पट कोणालाही पुरा करता येत नाही. तेथवर पोहोचायला काही तास न चुकता खेळावे लागते. इतके करून शेवटी हाती येतो तो अर्धा तुटलेला चक्रव्यूह.

तरीही ज्यांनी तो पडदा पाहिला, त्यांनी तेथवरची वाट व्यर्थ मानली नाही. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली चौदा व्हिडिओ गेम प्रथमच आपल्या संग्रहासाठी निवडले, तेव्हा त्यांत या जुन्या खेळाची गणना झाली. एक दांडी, एक पट आणि चार भुते एवढ्या तुटपुंज्या साहित्यातून इतके खोल काही उभे राहते, हेच त्यामागचे मर्म असावे.

पहिल्या दिवशी दांडी बिघडली असे मानणारा मुलगा आठ-पंधरा दिवसांनी त्याच दांडीवर दोन बोटे हलकेच ठेवून खेळताना दिसतो. त्याची नजर आता आपल्या गड्यावर खिळलेली नसते. ती गड्याच्या पुढच्या चौकावर असते. भुते तीच आहेत, त्यांचा वेगही तोच आहे आणि गडी आजही क्षणभर थांबायला तयार नाही. पण मुलाचा हात आता कापत नाही. भूत कोपऱ्यावर दिसण्यापूर्वीच त्याची बोटे वळलेली असतात.