बासी ईद

ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे बासी ईद म्हणतात. बासी म्हणजे शिळी. आदल्या दिवशीचा शीरखुर्मा आटून घट्ट झालेला असतो, नव्या कपड्यांना अत्तर नि बिर्याणी यांचा मिळून एक तिसराच वास येत असतो आणि घरातली बायामाणसे भांड्यांच्या ढिगाऱ्याकडे पाठ करून निजलेली असतात. अशा दिवशी पहाटे मशिदीत जाऊन यावे. गंमत पाहण्यासारखी असते. काल-परवापर्यंत जिथे पहाटेच्या नमाजाला सहा-सात रांगा लागत, जोडे ठेवायला जागा मिळत नसे, तिथे आता दीड रांग. त्या दीड रांगेतले चेहरेही ओळखीचे. पेन्शनर मंडळी, दूधवाला, रात्रपाळीहून परस्पर आलेला एखादा वॉचमन आणि ज्याला झोपच येत नाही असा एखादा मधुमेही. इमामसाहेब रांग सरळ करायला मागे वळतात, क्षणभर रिकाम्या सतरंज्यांकडे पाहतात आणि काही न बोलता तोंड फिरवून नमाज सुरू करतात. त्यांना सवय झाली आहे.

रमजानात सैतानाला साखळदंडांनी जखडून ठेवलेले असते, असे हदीस सांगते. आमचे अब्बा त्यावर म्हणत, "चांदरातीला तो सुटतो, तो आधी घरोघर जाऊन गजराची घड्याळे बंद करतो. बाकीची कामे मग सावकाश."

वाचकहो, फार हसू नका. गणपती पोचवून आल्यावर मासळीबाजारात जी झुंबड उडते, ती काही फक्त आमच्या लोकांची नसते. श्रावणात रोज पोथी वाचणारे गृहस्थ भाद्रपदात ती कुठे ठेवली ते शोधताना मी पाहिले आहेत. महिनाभराचे व्रत कोणीही निभावते. खरी पंचाईत पुढच्या अकरा महिन्यांची असते. मराठीत त्याला एक फार नेमका शब्द आहे: नेम. व्रत वेगळे नि नेम वेगळा. वारकरी आषाढात पंधरा-वीस दिवस चालतो ते जगाला दिसते. पण गळ्यात माळ पडली की एकादशी महिन्यातून दोनदा येते आणि हरिपाठ रोज म्हणावा लागतो, तो कोणी पाहायला येत नाही. अरबीत याला इस्तिकामत म्हणतात. पण आम्ही पडलो दापोलीकडचे कोकणी मुसलमान. आमच्या अम्माच्या तोंडी शब्द होता तो नेमच.

रमजानात नेम सोपा का वाटतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माणसाचा त्यात फारसा पराक्रम नसतो. सारी गल्लीच पहाटे चारला जागी असते, तव्याचा आवाज शेजारून येतो, अलीकडच्या घरातून पलीकडच्या घरात "उठलात का?" अशी हाक जाते. दिवसा चहाच्या दुकानावर पडदा असतो. संध्याकाळी खजूर तोंडात टाकायला शेकडो हात एकाच क्षणी उचलले जातात. रात्री तरावीहच्या वीस रकाती हाफिजसाहेबांच्या मागे उभे राहिले की होऊन जातात. पाय दुखतात, पण शेजाऱ्याचेही दुखत असतात. रोज पारा-सव्वा पारा करत बहुतेक मशिदींत सत्ताविसाव्या रात्री कुराणाचे तीसही पारे पुरे होतात. म्हणजे लग्नघरासारखेच की! मांडव आहे तोवर कोणीही पाट मांडतो, कोणीही पंगत वाढतो. मांडव उतरला की आपल्या घरच्या चुलीपुढे आपण एकटे.

आणि त्यातही आमचा महिना चंद्राच्या पाठीवर बसून फिरणारा. दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि तेहेतीसएक वर्षांत सारे ऋतू हिंडून येतो. 2004, 2005 आणि 2006 या तिन्ही वर्षी दिवाळी नि ईद तीन-चार दिवसांच्या अंतराने आल्या होत्या. जिन्यात पणत्या अजून जळत असतानाच आमच्याकडे शेवया भाजल्या जात होत्या. 2030 साली तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल. त्यामुळे नेमाला ऋतूचा आधार नाही. श्रावणसरी आल्या की सोमवार आठवतो, तसे आमचे काही नाही. आठवण स्वतःच ठेवावी लागते.

ही आठवण पुरुषांपेक्षा बायकांना जास्त राहते, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण मोठे व्यवहारी आहे. बायकांना महिन्यातले काही दिवस रोजा माफ असतो, पण तो सुटत नाही. पुढे केव्हातरी भरून द्यावा लागतो. बाळंतीण, अंगावर पिणारे मूल असलेली आई यांचीही बाकी राहते. म्हणजे ईदच्या दिवशी पुरुषांची वही बंद होते, तेव्हा बायकांच्या वहीत पाच-सात दिवस येणे असतातच. लहानपणी मला कळत नसे, की ईद होऊन दोन आठवडे झाल्यावर अम्मा दुपारी आम्हाला वाढून स्वतः का जेवत नाही. विचारले तर म्हणे, "भूक नाही." संध्याकाळी मात्र मगरिबच्या बांगेबरोबर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्या-उभ्या एक खजूर नि पेलाभर पाणी. ना भजी, ना फळांची बशी, ना कोणी सोबतीला. ते तिचे उरलेले रोजे. मला तर रमजानातल्या झगमगत्या इफ्तारीपेक्षा तो कोपराच अधिक आठवतो.

हे कर्ज फिटले की ती शव्वालचे सहा धरी. शव्वाल म्हणजे रमजाननंतरचा महिना. ईदच्या दिवशी उपास करणे मना आहे. दुसऱ्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंत केव्हाही, सलग किंवा सुटे, सहा रोजे ठेवावेत. रमजानपाठोपाठ हे सहा ज्याने ठेवले त्याने जणू जन्मभर रोजे ठेवले, अशी हदीस आहे. त्याचा हिशोब जुन्या लोकांनी छान मांडला आहे. एका पुण्याचे दहापट फळ. तिसाचे तीनशे, सहाचे साठ, झाले वर्षाचे तीनशे साठ. आमच्या अम्माला अंकगणित बेताचेच, पण हा हिशोब तिला तोंडपाठ. मात्र आधीची बाकी नि हे सहा तिने कधी एकात एक घातले नाहीत. "आधी कर्ज, मग खैरात," असे ती म्हणे. यावर मौलवी लोकांत दोन मते आहेत, पण अम्मापुढे तिसरे मत मांडण्याची सोय नव्हती.

गंमत अशी, की मदिनेचे थोर इमाम मालिक, जे आठव्या शतकात होऊन गेले, त्यांना हे सहा रोजे फारसे पसंत नव्हते. आपल्या 'मुवत्ता' ग्रंथात त्यांनी तसे नमूद केले आहे. त्यांची भीती अशी, की अजाण लोक हे सहा रमजानलाच चिकटवतील आणि ऐच्छिक गोष्ट सक्तीची होऊन बसेल. आमचा मजहब शाफई. कोकणच्या किनाऱ्याला अरबांची गलबते लागत, तेव्हापासूनचा. तिथे हे रोजे आवडीचे मानतात. पण मालिकसाहेबांच्या भीतीत मला मोठे शहाणपण दिसते. नेम वाढवता वाढवता माणूस स्वतःला नि शेजाऱ्याला कसा जाचू लागतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

खुद्द पैगंबरसाहेबांनाही या अतिरेकाची चांगली पारख होती. अब्दुल्ला बिन अम्र नावाचा त्यांचा एक तरुण सोबती रोज उपास करी नि रात्रभर जागून इबादत करी. पैगंबरांनी त्याला सांगितले, शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, बायकोचा आहे. महिन्यातून तीन रोजे पुरेत. तरुण रक्त! तो घासाघीस करू लागला, मला जास्त झेपते म्हणून. करता करता एक दिवसाआड यावर सौदा तुटला. पुढे अब्दुल्ला म्हातारा झाला, अंगात ताकद राहिली नाही, पण घातलेला नेम मोडवेना. तेव्हा तो म्हणे, ती तीन दिवसांची सवलत मी घेतली असती तर किती बरे झाले असते! दुसरी एक हकीकत दोरीची. मशिदीत दोन खांबांमध्ये दोरी बांधलेली पाहून पैगंबरांनी चौकशी केली. ती बीबी झैनब यांची होती. नमाजात उभे राहून थकल्या की त्या तिचा आधार घेत. ते म्हणाले, सोडा ती दोरी. हुशारी आहे तोवर नमाज पढावा, थकले की बसावे. आणि बीबी आयेशा यांच्याकडून आलेली हदीस तर सर्वांना ठाऊक आहे: अल्लाला सर्वांत प्रिय ते काम, जे थोडे असले तरी नित्य चालते.

अम्माने हे 'थोडे' फार हुशारीने बेतले होते. ईदनंतर घरोघरी कुराणशरीफ रेशमी जुजदानात गुंडाळून कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर जाते; अदब म्हणून, असे म्हणतात. आमच्या घरी ते शिवणाच्या मशीनशेजारच्या तिवईवरच राही आणि लाकडी रेहल कधी मिटली जात नसे. आपल्याकडे छापलेल्या प्रतींत समासात पाऱ्याच्या पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा असतात. अम्मा रोज पहाटेच्या नमाजानंतर एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत वाची, पंधरा-वीस मिनिटे. रमजानात शेजारपाजारच्या बायकांत कोणाचे किती खतम झाले याची चढाओढ चाले, त्यात ती कधी पडली नाही. पाव पारा रोज म्हणजे चार महिन्यांत एक खतम, वर्षात तीनाच्या आसपास. चढाओढीतल्या बायकांपैकी किती जणी तिथवर पोचत, कोण जाणे! शिवाय स्वयंपाकघरात एक पत्र्याचा डबा होता. भात शिजायला घेताना तांदळाची एक मूठ त्यात पडे. महिनाअखेरीला तो डबा कोणाकडे जाई हे आम्हा मुलांना सांगितले जात नसे.

2018 साली रमजान मे-जूनमध्ये आला. मुंबईचा उकाडा, साडेचौदा-पंधरा तासांचा रोजा, आणि अम्माला एकाहत्तरावे लागलेले. मधुमेह जुनाच होता, आता मूत्रपिंडही कुरकुरू लागले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की रोजा धरायचा नाही, यंदाही नाही नि पुढेही नाही. तिने बराच वाद घातला. "डॉक्टरसाहेब, सहा तरी?" म्हणून शव्वालचीही परवानगी मागून पाहिली. त्यांनी हात जोडले. घरी आल्यावर दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. साठ वर्षे जिने एक रमजान चुकवला नव्हता, तिला आपल्याच घरात पाहुणी होऊन आल्यासारखे वाटत असावे. बरे होण्याची आशा नसलेल्या आजाऱ्याने रोजापोटी फिद्या द्यावा, दर दिवसामागे एका गरजूचे अन्न. आमच्या मजहबात एक मुद धान्य, म्हणजे अर्धा-पाऊण किलोच्या घरात. मी म्हटले, तीस दिवसांचे एकदम देऊन टाकू. ती म्हणाली, "नको. रोज मोजायचे." मग महिनाभर सहरीला ती सर्वांच्या आधी उठे, आम्हाला उठवी, आम्ही जेवत असता तांदूळ मापून पिशवीत भरी, आणि उजाडल्यावर आमच्याकडे पाठ करून आपल्या गोळ्या घेई. पाठ करायची काही गरज नव्हती. पण रोजेदारांसमोर पाणी प्यायचे नाही, हा नेम तिने स्वतःलाही लावून घेतला होता.

ईद झाली. माझ्या पत्नीने शव्वालचे रोजे धरले. अम्मा पहाटे तिच्यासाठी भाकरी टाकायला उठू लागली. आम्ही नको म्हटले तरी ऐकेना. रोजेदाराला जो इफ्तार घडवतो त्याला रोजेदाराइतकेच पुण्य मिळते आणि रोजेदाराचेही काही कमी होत नाही, अशी हदीस आहे. तिचा आधार घेऊन अम्मा सुनेला म्हणाली, "बेटा, तू सहा धर. माझ्या खात्यात आपोआप सहा पडतात. तुझे तीनशे साठ, माझेही." त्या दिवशी ती महिन्यात पहिल्यांदा हसली.

रात्रीचा तिचा एक नेम शेवटपर्यंत टिकला. बीबी फातिमांच्या हाताला जाते ओढून घट्टे पडले होते. वडिलांकडे त्यांनी एखादी मोलकरीण मागितली. पैगंबरांनी त्याऐवजी निजताना म्हणायला तीन नामे दिली. दोन तेहेतीस-तेहेतीस वेळा, तिसरे चौतीस वेळा, मिळून शंभर. अम्मानेही पोरवयात गावी जाते ओढले होते. ही गोष्ट ती आपल्या घरातलीच असल्यासारखी सांगे. माळ तिला लागत नसे, बोटांच्या पेरांवर मोजी. 2021 मध्ये ती इस्पितळात होती, तेव्हा चादरीवर तिचा अंगठा पेरांवरून हळूहळू फिरताना दिसे. वीस-बाविसापर्यंत आला की थांबे, हिशोब चुके. मग पुन्हा पहिल्या पेरावर जाई. नर्सबाईंना वाटले, हात दुखतो आहे. त्यांनी चोळून दिला.

ती गेल्यावर आठेक दिवसांनी तिवई आवरायला घेतली. रेहल उघडीच होती. सतराव्या पाऱ्यात, अर्ध्याच्या खुणेपाशी शिवणाचा हिरवा दोरा घातलेला. मी जुजदान शोधू लागलो, तर पत्नी म्हणाली, "राहू दे ते." दुसऱ्या दिवशी पहाटे ती तिथे बसली आणि दोऱ्यापासून पुढे वाचू लागली.