३००० वॉट आणि मामाचा मामा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेच्या आवारात मराठी बोललं की एक रुपया दंड. त्यामुळे माझं मराठी हे घरातलं, पनवेलच्या एसटी स्टँडवरचं आणि आपल्या हॉस्टेलमधलं. (मी लोकल आहे, हॉस्टेलला राहत नाही. तरी माझी उशी रूममध्ये का असते, हे रेक्टर सरांनी कृपया विचारू नये.) तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

माझा मामा टुरिस्ट गाडी चालवतो. सेकंड हँड अर्टिगा. पळस्पे फाट्यावरून गोवा हायवेला लागायचं आणि माणगाव, महाड, पोलादपूर, खेड असं कोकणात भाडं सोडून परत यायचं. गणपतीत तर त्याला झोपायलाही वेळ नसतो. अशा माणसाची एकच चैन, गाडीतला टेप. (आता त्यात कॅसेट जात नाही, पण ड्रायव्हर मंडळी अजून टेपच म्हणतात.)

मी फर्स्ट इयरला ईएक्सटीसी घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मामाला झाला. "भाच्या, आता अ‍ॅम्प्लिफायर तू निवडायचा. हायवेला एसी आणि टायरच्या आवाजात काही ऐकूच येत नाही. वाढवला की फाटतो." तेव्हा मला अ‍ॅम्प्लिफायरबद्दल जेवढं कळत होतं तेवढंच मामालाही कळत होतं. फरक इतकाच की मी इंजिनिअर होणार होतो.

आम्ही दुकानात गेलो. एका बॉक्सवर ८००, दुसऱ्यावर १५०० आणि तिसऱ्यावर सोनेरी अक्षरांत ३००० वॉट. किंमत मात्र तिन्हींची हजार-पाचशेच्या फरकाने सारखीच! मामाने माझ्याकडे बघितलं. मी जाणकाराच्या चेहऱ्याने ३००० वर बोट ठेवलं. साडेचार हजार रुपये गेले. फिटिंगवाल्याने गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवून दिलं, आवाज दणकून आला, आम्ही खूश.

दीड महिन्यात दोन्ही दारांतले ट्वीटर जळले. पण ते मला कळलंच नाही, कळलं मामाला. त्याच्याकडे एक जुनं रेकॉर्डिंग आहे, आमच्या आजोबांच्या गावच्या भजनी मंडळाचं. कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर घेतलेलं. त्यात आजोबा टाळ वाजवतात. आजोबा मी सहावीत असताना गेले. एका रात्री मामा गाडी बंद करता करता म्हणाला, "पखवाज येतो रे, पण बाबांचा टाळ ऐकू येईनासा झालाय."

रागावला नाही, पैशांचा विषय काढला नाही. त्या वर्षीचा सगळा गणपतीचा सीझन त्याने तसाच काढला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

खरं कारण मला कळायला थर्ड इयर उजाडलं. वर्गात पॉवर अ‍ॅम्प्लिफायर शिकवत होते आणि शेवटच्या बाकावर बसून मी वहीच्या मागच्या पानावर मामाच्या गाडीचा हिशोब मांडत होतो. तोच इथे देतो, कारण तुमच्यापैकी कोणाचा तरी मामा असेलच.

आधी टेपचा हिशोब. टेपवर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. ब्रिज जोडणीत स्पीकरला पीक फार तर तेवढाच. त्याला वर्गमूळ दोनने भागा, १०.२. वर्ग करा, १०४. चार ओहमने भागा, २६ वॉट. हे झालं कागदावरचं. आवाज न फाटता मिळतात १८ ते २०. बाकीचे तीस वॉट फक्त छपाईत!

आता मामाचा ३००० वॉट. गाडीत फुकट काही येत नाही. ३००० वॉट बाहेर काढायचे तर एकही वॉट वाया न घालवता १३.८ व्होल्टला २१७ अँपिअर आत जायला हवेत. अर्टिगाच काय, कुठल्याही साध्या गाडीचा अल्टरनेटर तेवढे देत नाही. मग घरी जाऊन अ‍ॅम्प्लिफायर सोडवला आणि त्याचा फ्यूज बघितला. १५ अँपिअर! १५ गुणिले १३.८ म्हणजे २०७ वॉट आत. एबी क्लासची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर १२४ बाहेर. चार स्पीकरना वाटून ३१. म्हणजे टेपपेक्षा जेमतेम दोन डेसिबल जास्त. त्यातून करंटची वायर शेवयांसारखी बारीक, तिच्यातच व्होल्टेज पडत होतं.

मग ट्वीटर का जळले? अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली की तो लाटेचा माथा कापतो, यालाच क्लिपिंग म्हणतात. साइन वेव्हची होते जवळजवळ स्क्वेअर वेव्ह. तेवढ्याच पीकला पॉवर दुपटीपर्यंत जाते आणि नको ते हार्मोनिक्स ट्वीटरच्या वाट्याला येतात. त्याची कॉइल केसासारखी बारीक, ती बिचारी काय टिकणार? आणि गेनचं बटण हा व्हॉल्यूम नव्हेच. टेपमधून किती व्होल्टचा सिग्नल येतो त्याच्याशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवण्यासाठी ते असतं.

हे सगळं मी मामाला सांगायला बसलो आणि तिथेच गाडी अडकली. क्लिपिंगला मराठीत काय म्हणायचं? "म्हणजे बघ मामा, वेव्हफॉर्म सॅच्युरेट होतो..." मामा मान हलवत होता, पण डोळ्यांत काही नव्हतं. मग मी सगळे इंग्रजी शब्द बाजूला ठेवले आणि म्हटलं, "छोट्या अ‍ॅम्प्लिफायरकडून आपण मोठ्याचं काम करून घेतलं."

मामा लगेच म्हणाला, "म्हणजे छोटं इंजिन, गाडी फुल भरलेली आणि समोर कशेडी घाट. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला तर गाडी चढत नाही, नुसती तापते."

व्हायवात एवढं नेमकं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. मी लॅमिंग्टन रोडला जाऊन एक मल्टिमीटर आणला. दुकानात वॉट विचारले नाहीत, "आरएमएस किती आणि फ्यूज किती?" एवढंच विचारलं. अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ नावाचं मानक आलं, त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि एक टक्क्यापेक्षा कमी विकृतीला मोजलेली पॉवरच सांगावी लागते. बॉक्सवर तसा उल्लेख असेल तर आकड्यावर बराच विश्वास ठेवता येतो. नसेल तर फ्यूजचा हिशोब करा. मोठा फ्यूज मुद्दाम घालता येतो, त्यामुळे हा हिशोब जास्तीत जास्त किती ते सांगतो, पण खोटारडा लगेच पकडला जातो. आम्ही घेतलेल्यावर लिहिलं होतं ५० गुणिले ४ आरएमएस, फ्यूज ३० अँपिअर. हिशोब येतो ६२. म्हणजे पठ्ठ्या खरं बोलत होता! किंमत नऊ हजार. स्पीकरही ५० आरएमएस झेपणारे घेतले.

वायर शुद्ध तांब्याची, आठ गेजची. वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली स्वस्त मिळते, पण अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्केच. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत एक वेगळा फ्यूज. तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो, वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा केला. हे काम मामाने केलं, मला खरवडता येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी मामाला आधीच सांगितली. २० वॉटचे ५० झाले तरी वाढ फक्त चार डेसिबलची. डुबडुब हवी असेल तर निराश होशील. पैसे आवाजासाठी नाहीत, आवाज न फाटण्यासाठी आहेत.

पहिली फेरी पळस्प्याहून कर्नाळ्यापर्यंत. ताशी ८०, एसी चालू. मामाने पेन ड्राइव्ह लावला. आधी कॅसेटची खरखर, मग पखवाज, आणि मग डाव्या दारातून टाळ. दोघंही काही बोललो नाही. कर्नाळ्याच्या चढाला मामाने आवाज दोन घरं कमी केला आणि म्हणाला, "घाई करायचे बाबा. ठेक्याच्या जरा पुढे असायचे."

येताना चहा प्यायलो. पैसे मामाने दिले.

हॉस्टेलमध्ये ही गोष्ट सांगितल्यापासून रूममध्ये एकमेकांचे आरएमएस काढणं सुरू आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण सगळेच ३००० वॉट असतो, रिझल्टला फ्यूज दिसतो. माझा एम-थ्रीमध्ये दिसलाच आहे.

आणि स्टँडवरचे मामाचे ड्रायव्हर मित्र आता मला नावाने हाक मारत नाहीत. नवीन अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा असला की लांबूनच ओरडतात, "ए फ्यूजवाले, जरा बघ रे!"