कोंबड्या पाळायच्या म्हणतेस तर

संगमेश्वर,
अनंत चतुर्दशीनंतर

चि. मृणाल हिस


तुझं पत्र पोचलं. लांज्याच्या घराची पडवी दुरुस्त झाली आणि आता परसात कोंबड्या पाळायच्या, घरची अंडी खायची असं तुम्हा दोघांच्या मनात आहे, हे वाचून फार बरं वाटलं. मात्र दिवाळीपर्यंत दम धर. जमीन ओली असेपर्यंत कोवळ्या पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि बघता बघता पाटी रिकामी होते. तोवर खुराडं बांधून घे. सुताराला नीट सांग, जमिनीपासून दीड-दोन फूट वर, चार खांबांवर. तळाला फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवायची, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि झाडून माडाच्या आळ्यात टाकता येते. जाळी अर्ध्या इंचाचीच घे. मोठ्या भोकातून मुंगूस आत शिरतं, आणि ते एक कोंबडी मारून थांबत नाही. आत बसायला आडवी दांडी हवी. दाराला कडी हवी, आणि ती रोज तिन्हीसांजेला लावणारं एक ठरलेलं माणूसही हवं.

किती कोंबड्या, असं विचारलंयस. चार माणसांच्या घराला सहा माद्या आणि एक कोंबडा पुष्कळ झाले. कोंबड्यावाचूनही कोंबडी अंडी घालते, पण त्यातून पिल्लं निघत नाहीत, आणि पिल्लं घरची निघावीत असं माझं ठाम मत आहे.

जातीबद्दल जावईबापूंनी चौकशी केली आहे असं दिसतं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची ग्रामप्रिया आणि वनराजा, बंगळूरची गिरिराजा, ही नावं त्यांनी बरोबर काढली आहेत. ग्रामप्रिया वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते आणि आपली गावरान साठ-सत्तरवर थांबते, हेही खरं. तरी सुरुवात गावरानपासून कर. जास्त अंड्यांसाठी निवडत गेलेल्या या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. मग दर खेपेला उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणायची, दिव्याखाली पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब द्यायची, ती दर आठवड्याला थोडी थोडी उतरवत न्यायची. रात्री वीज गेली की गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. गावरान कोंबडी हे सगळं पंखाखाली करते. शिवाय ती अंगाने हलकी, मातीच्या रंगाची. घार दिसली की आवाज देते आणि पिल्लं झुडपात पळतात. भरपूर अंडी हवीतच असं पुढे वाटलं, तर आठ-दहा आठवड्यांच्या वाढवलेल्या तलंगा आण. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाकडे तलंगा गटाच्या योजनेचीही चौकशी कर. दिव्याखालची पिल्लं मात्र पहिल्याच वर्षी नकोत.

घरची पिल्लं काढायला वाडीत कुणाची तरी कोंबडी खुडूक असतेच. ती ओळखायला सोपी. खोप्यातून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते आणि चोच मारते, पोटाखालची पिसं तिने उपटून टाकलेली असतात. पसरट टोपलीत राख आणि वाळू, वर पेंढा घाल, आणि आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी संध्याकाळी तिच्याखाली सरकव. दिवसातून एकदा ती उठते, दाणा खाते, पाणी पिते आणि मोठा गोळाभर विष्ठा टाकून घाईघाईने परत येते. तेवढ्यात अंडी गार होतील म्हणून घाबरू नकोस, तिला वेळ कळते. सातव्या दिवशी रात्री एकेक अंडं विजेरीसमोर धर. भरलेल्या अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. नुसतं पिवळसर स्वच्छ दिसलं तर ते वांझ, काढून टाक. विसाव्या दिवशी टरफलाआडून चिवचिव ऐकू येते आणि एकविसाव्याला फुटतात. फोडायला मदत करू नकोस. पिल्लाला त्या धडपडीत टरफलाच्या आतलं रक्त आणि बलक ओढून घ्यायला वेळ लागतो.

खाण्याचं फारसं अवघड नाही. सकाळ-संध्याकाळ मूठभर कणी, कोंडा, नाचणी. बाकीचं त्या परसात उकरून खातात. पिल्लांच्या खाण्यासाठी वाळवीचा उपाय तेवढा कर. मडक्यात ओलसर शेण आणि पेंढा भरून वाळवीच्या वाटेवर उपडं घाल, दुसऱ्या दिवशी पिल्लांपुढे झटक. पिल्लं त्यावर कशी भराभर वाढतात ते बघशील. खारवलेली मासळी देऊ नकोस, जास्त मीठ त्यांना मारक असतं. कोंबड्या अंडी घालायला लागल्या की शिंपल्यांचा चुरा कायम पुढे ठेव, नाहीतर टरफलं पातळ पडतात. घरच्या अंड्यांची टरफलंही चालतात, पण भाजून बारीक कुटून. अख्खी टाकलीस तर अंडी फोडायची खोड लागते. थंडीत दिवस लहान झाले की अंडी कमी होतात आणि पिसं गळण्याच्या काळात बंदच होतात. त्याला औषध शोधू नकोस.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. मानमोडी. दवाखान्यात याला राणीखेत म्हणतात. हिरवट विष्ठा, तोंड उघडून श्वास, मग मान पिळवटते आणि आठवड्याभरात वाडीतली खुराडी ओस पडतात. यावर उपचार नाही, फक्त लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, पुढे आठव्या आठवड्याला टोचायची लस, आणि मग दर सहा महिन्यांनी. अडचण अशी की लसीची कुपी शंभर पक्ष्यांची येते, बर्फातून आणावी लागते आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी कुणी ती फोडत नाही. म्हणून घरोघरी कोंबड्या असतात आणि लस कुणाच्याच कोंबडीला नसते. तुझ्या सात टोचल्या तरी शेजारणीच्या कोंबड्या त्याच उकिरड्यावर चरतात. साथ आली की लोक आजारी कोंबड्या स्वस्तात बाजारात काढतात, आणि रोग पुढच्या वाडीत जातो. बाजारातून आणलेली कोंबडी म्हणून आधी दोन-तीन आठवडे डालग्याखाली वेगळी ठेवायची. एकदम चार-पाच मेल्या तर ओढ्यात न टाकता दवाखान्यात कळवायचं. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा आसपासच्या घरांतल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

म्हणून सगळ्या वाडीची टोचणी एकदम करायची, आणि ते काम रात्री करायचं. कोंबड्या दांडीवर बसल्या की अंधारात हलत नाहीत, एकेक उचलून पंखाखाली टोचून परत ठेवता येते. एक जण विजेरी धरेल, एक जण कोंबडी, एक जण सुई. साध्या सरावाने हे बायका शिकतात, आमच्याकडे त्याच करतात. आजारी दिसेल ती तेवढी सोडून द्यायची.

साथ बहुधा उन्हाळ्यात येते, तेव्हा वाडीतली टोचणी महाशिवरात्रीच्या आत व्हायला हवी. तुझ्या कोंबड्या यायच्या आधीच घरोघरी जाऊन कुणाकडे किती आहेत ते वहीत लिहून घे. सासूबाईंना बरोबर ने, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. शंभराची बेरीज जमली की पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन दिवस ठरव आणि मला कळव. सुई धरायला मी येते.

तुझी,
मावशी