आरशाबाहेरचा पेहराव

बायकांनी पेहरावात कोणत्या चुका टाळाव्यात, याच्या याद्या दर सणासुदीला नव्याने निघतात. बुटकीने मोठ्या काठाची साडी नेसू नये, सावळीने पिवळ्याच्या वाटेला जाऊ नये, दंड जाड असतील तर बिनबाह्यांचा ब्लाउज शिवू नये. हे सल्ले देणाऱ्याच्या डोळ्यांपुढची बाई कायम आरशासमोर उभी असते. खरी बाई अशी उभी राहते ती फार तर पाच मिनिटं. उरलेला दिवस ती वाकते, बसते, चढते, ओझं उचलते, घामाघूम होते. कपडा साधला की फसला हे तेव्हा ठरतं. म्हणून नीटनेटकं दिसायचं असेल तर अंगाचे दोष मोजत बसण्याआधी कपड्याचे दोष शोधावेत, आणि तेही अंग हलत असताना शोधावेत, असं माझं ठाम मत आहे. त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा पालघरच्या किनाऱ्यावर आहे.

बोईसरहून पश्चिमेला निघालेला रस्ता नवापूरला समुद्राशी संपतो. मच्छीमारांचं हे गाव. इथल्या जुन्या बायकांचं लुगडं नऊ वारी, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एवढं कापड अंगावर घेऊनही पाय मोकळे राहतात, कारण काष्टा दोन पायांमधून मागे जाऊन कमरेला करकचून खोचलेला असतो आणि खालचा काठ पोटरीच्या वरच थांबतो. होडीतली मासळी घ्यायला गुडघाभर पाण्यात शिरायचं, ओल्या वाळूत उकिडवं बसून मांदेली निवडायची, बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील टांगायला हात डोक्यावर न्यायचे, मग पाटी उचलून बाजार गाठायचा. या सगळ्यात पदर सावरायला एक हात अडकून पडत नाही. पैसे कनवटीला असतात. आणि रंग पाहावेत ते पोपटी, राणी, हळदीसारखे पिवळे! याद्यांनी सावळ्या अंगाला मना केलेले नेमके हेच रंग किनाऱ्यावरच्या झगझगीत उन्हात त्या अंगावर असे खुलतात, की फिकट गुलाबी नि राखाडी तिथे मळकट वाटू लागतात. रंग शोभतो की नाही, यात कातडीइतकाच उजेडाचाही वाटा असतो. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली निवडलेली साडी बाहेर उन्हात नेऊन पाहावी, हा सल्ला त्यातूनच निघतो.

यावर कुणी म्हणेल, हे जुन्याचं कौतुक झालं. लुगडं धुवायला, पिळायला, वाळवायला किती जड, ते नेसणाऱ्यांनाच विचारा. हे म्हणणं खरं आहे. तरण्या मुलींनी लुगडं सोडलं ते काही उगाच नाही, आणि त्यांना पुन्हा त्यात गुंडाळावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांनी काय उचललं ते पाहावं. सलवार, लेगिंग, जीन्स यांत दोन पाय वेगळे राहतात, काष्ट्यातही तेच होतं. धावायची-चढायची सोय बाईला आधीपासून होती. मधल्या काळात पाचवारीने ती थोडी काढून घेतली, ड्रेसने परत दिली. आणि गाऊनवर ओढणी टाकून बाजारात येणारी बाई, जिची शहरी पाहुणे टिंगल करतात, तिचंही मला पटतं. सैल, सुती, वाकता येणारा, घरच्या घरी धुतला जाणारा तो कपडा तिच्या कामाला बेतलेला आहे. गावंढळ म्हणून हसण्याजोगं त्यात काहीच नाही.

खऱ्या चुका वेगळ्या असतात आणि त्यांतल्या काही जिवावर बेततात. मोटारसायकलच्या मागच्या चाकात ओढणी किंवा पदर अडकणं ही इतकी सर्रास गोष्ट, की १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक तरी झाकलं पाहिजे, असं कलमच घालावं लागलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत फिरत्या यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला लोंबती ओढणी कशी चालेल? २०१३पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली. बोईसर-पालघरहून तिच्या दारात चढणारीला पायात येणारा घोळ नि उंच टाच कशी झेपेल? ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी बसवावी, नाहीतर सरळ घरी ठेवावी. घोळ चपलेच्या उंचीवर मोजून फॉल लावावा.

मग येतं कापड. सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा फरक काखेत, पाठीवर, मानेखाली तासाभरात कळतो. घामाने अंगाला चिकटलेला जॉर्जेटचा कुडता कितीही महाग असो, तो नीट दिसत नाही. इथे मात्र विरुद्ध बाजूलाही बळ आहे: पावसाळ्यात सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, इस्त्री मागतो, रंग सोडतो, पॉलिस्टर झटकलं की घालायला तयार, शिवाय स्वस्त. म्हणून मी सरसकट सुताचा हट्ट धरणार नाही. आषाढ-श्रावणात मिश्र कापड, वैशाखात सुती, आणि अंगाला लागून असणारं ब्लाउज-अस्तर बारा महिने सुती, एवढं पाळलं तरी पुष्कळ. पण स्वस्ताईचा हिशेब करताना आणखी एक रकम धरावी लागते. तारापूरला कापड विणलं जातं, रंगवलं जातं, आणि वसाहतीचं सांडपाणी नळातून नवापूरच्याच समुद्रात जातं. मांगेला या मच्छीमार समाजाच्या परिषदेने हरित लवादाकडे दाद मागितली, २०२२च्या जानेवारीत लवादाने कारखान्यांना भरपाई ठोठावली. दर हंगामाला नवे कपडे घेऊन जुने टाकायची सवय अशा एखाद्या किनाऱ्याच्या माथी बसते, हे मला विसरता येत नाही.

नटण्याचं काय, असं विचारलं जाईल. लग्नात कुणी सोय पाहून नटत नाही. कबूल, चार तासांसाठी शिवलेली नऊवारी चढवली, फोटो काढले, यात काही बिघडत नाही. तरी तिथेही जिला दर मिनिटाला ब्लाउजचा गळा ओढावा लागतो तिचा चेहरा फोटोत ताणलेलाच येतो, आणि जिचं कापड अंगाशी जमलंय तिला हसायला उसंत मिळते. हे जमणं शिंप्याकडे ठरतं, म्हणून पैसे कमी असतील तर ते कापडापेक्षा शिलाईवर घालावेत. कापड आधी भिजवून मग बेतायला द्यावं. माप देताना श्वास रोखू नये. मुंढा तपासायला हात पूर्ण वर करून पाहावा, कुडता घालून खाली मांडी घालून बसावं. शिवणीत दोन बोटं माया ठेवायला सांगावी, म्हणजे अंग बदललं तरी कपडा उसवून सैल करता येतो. बाईचं शरीर बाळंतपणात, आजारात, वयात बदलणारच, त्याची तरतूद कपड्यात हवी. आणि कात्री लागायच्या आधीच बजावून ठेवावं, की उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा पाहिजे, पास आणि मोबाइल आत उतरेल एवढा खोल.