वर्गणी सर्वांची, मत ज्याचे त्याचे

संघटनेच्या सामायिक निधीतून राजकारणासाठी पैसा द्यावा का, हा वाद ब्रिटनमध्ये एका रेल्वे कामगाराने न्यायालयात नेला. वॉल्टर ऑस्बोर्न हा आपल्या कामगार संघटनेच्या शाखेचा चिटणीस होता. मात्र विचाराने लिबरल. त्याच्या वर्गणीचा काही भाग मजूर पक्षाकडे जात होता आणि त्याला ते मान्य नव्हते. १९०९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल त्याच्या बाजूने दिला. या निकालाने कामगारांची मोठी कोंडी झाली, हेही तितकेच खरे. तेव्हा खासदारांना वेतन नव्हते. ते १९११ मध्ये सुरू झाले. संघटनेच्या पैशावाचून गरिबाचा प्रतिनिधी संसदेत टिकणे कठीण होते. म्हणून १९१३ च्या कायद्याने राजकीय खर्चाला परवानगी दिली, पण त्यासाठी सभासदांचे मतदान आणि वेगळा निधी आवश्यक केला, आणि ज्याला वर्गणी द्यायची नसेल त्याला नकाराची मुभा ठेवली. भारताच्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातले सोळावे कलम याच वाटेने गेले होते. राजकीय निधी स्वतंत्र हवा, त्यात पैसे देण्याची सक्ती नको, आणि न देणाऱ्याचे संघटनेतले लाभ बंद करता येणार नाहीत. मला हीच तोड न्याय्य वाटते.

यावर पहिला आक्षेप असा, की बहुमताने ठराव झाला की विषय संपला. पण बहुमताचा अधिकार संस्थेच्या उद्देशापुरता असतो. पगार, सुरक्षा, आजारपणातली मदत यांसाठी एकत्र आलेल्या माणसाने आपली राजकीय निष्ठा संघटनेच्या हवाली केलेली नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कामाचे तास कायद्यानेच ठरतात, मग सरकारदरबारी रदबदली केल्याशिवाय संघटनेचे काम होणार कसे? नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली, ती निवेदने आणि सभांच्या बळावरच. अशी मागणी हा संघटनेचा मूळ उद्देशच आहे, आणि तिचा खर्च सामायिक निधीतून करण्यात मला काही गैर दिसत नाही. रेषा ओढायची ती मागणी आणि पक्ष यांच्यामध्ये. कायद्यातला बदल मागणे सर्वांच्या वतीने होऊ शकते; उमेदवाराचा प्रचार तसा होऊ शकत नाही.

वेगळा निधी केला की तो आटतो, अशी भीतीही घातली जाते. ती निराधार नाही. ब्रिटनमध्ये १९२७ साली ‘नको असेल त्याने कळवावे’ ऐवजी ‘हवे असेल त्याने कळवावे’ असा नियम आला आणि राजकीय वर्गणी देणाऱ्यांचे प्रमाण खूप घटले. १९४६ मध्ये तो नियम मागे घेतला गेला. या घसरणीत कामगारांचा आळस होता आणि नेतृत्वावर दबाव आणण्याचा सरकारचा हेतूही होता. तरीही मौनाला होकार मानून उभी राहिलेली ताकद किती पोकळ असते, ते त्यातून उघड झाले. सभासदापर्यंत जाऊन त्याला पटवणे आणि त्याचा होकार मिळवणे हेच संघटनेचे खरे काम आहे. असा मागून मिळवलेला निधी लहान असला, तरी मंत्र्यासमोर बसलेल्या प्रतिनिधीला त्याच्याच जोरावर ‘आम्ही’ म्हणता येते.